माल्टमधला समुद्र

श्रोतेहो, नमस्कार. टॅलिस्कर या व्हिस्कीचा ग्लास नाकाजवळ नेला की मला धुराच्याही आधी ओहोटी आठवते. पाणी मागे हटल्यावर उघडी पडलेली खडपं, त्यांच्यावर वाळत चाललेलं शेवाळ. किनाऱ्यावर वाढलेलं नाक हा वास चटकन ओळखतं. पण ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, १८३० पासून गाळली जाते ती स्कॉटलंडच्या स्काय बेटावर. तिच्यात समुद्र येतो कुठून?

मीठ वाफेबरोबर वर जात नाही. तांब्याच्या भांड्यातून वर चढतात ते मद्यार्क, पाणी आणि वासाची द्रव्यं. मग कोणी सांगतं, पिंपं समुद्रकाठच्या गोदामात मुरतात, खारा वारा लाकडातून आत शिरतो. ऐकायला फार छान वाटतं. पण स्कॉटलंडच्याच आयला बेटावरच्या कल ईला या व्हिस्कीचं बहुतेक मद्य टँकरने मुख्य भूमीवर नेऊन तिथे मुरवतात, तरीही तिच्या घोटात किनारा असतोच.

मला पटतं ते पीटचं उत्तर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ आणि झुडपं. मोड आणलेलं बार्लीचं धान्य त्याच्या धुरावर वाळवतात, तेव्हा धुरातली फेनॉल नावाची वासाची द्रव्यं टरफलाला चिकटतात. त्यांतलं ग्वायाकॉल धुराचा वास देतं, क्रेसॉल जंतुनाशकाचा. लफ्रॉइग ही अशीच पीटच्या धुराची व्हिस्की हुंगताना आपल्या तोंडून 'आयोडीन' निघतं, आणि आयोडीन म्हटलं की मन समुद्राकडे धावतंच.

इथवर सगळं जुळतं, आणि मग ओल्ड पुल्टनी समोर येते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळचं विक हे हेरिंग मासळीचं जुनं बंदर, तिथली ही व्हिस्की. तिच्या बार्लीला पीटचा धूर लागत नाही. तरी घोट गिळल्यावर जिभेच्या कडा खारट होतात. माझं उत्तर तिथे अपुरं पडतं, म्हणून तिच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

चाखताना बर्फ नको, थंडीने वास मिटतात. थोडं पाणी घाला, थेंबाथेंबाने. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की मद्य पातळ केलं की ग्वायाकॉल पृष्ठभागाकडे, म्हणजे आपल्या नाकाकडे, जमतं. घोट लहान घ्या, तोंडात थोडा वेळ राहू द्या. आणि ग्लास रात्रीच विसळू नका. सकाळी तो रिकामा ग्लास हुंगून पाहा. मद्य उडून गेलेलं असतं, राखेचा आणि ओल्या दोरखंडाचा वास तेवढा उरलेला असतो.