गाइड फक्त आपल्यासाठी असतो तेव्हा

(परदेश प्रवासाला निघालेल्या नाशिककरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

सुरुवात आपल्या पांडवलेण्यांपासून करू. एखादा परदेशी पाहुणा पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यापाशी येतो. बरोबर गाइड असतो. पाहुणा नुसती मान डोलावत फोटो काढत राहिला, तर गाइड पांडवांची कथा सांगतो आणि वीस मिनिटांत दोघं खाली उतरतात. खरं तर ही बौद्ध भिक्खूंची लेणी, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. पण पाहुण्याने व्हरांड्याच्या भिंतीकडे बोट दाखवून ‘ही अक्षरं कसली?’ एवढं विचारलं, की त्याच गाइडच्या तोंडून गौतमी बलश्री बाहेर येते. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं त्या माउलीने तिथे कोरून घेतलं आहे. गाइड तोच, पैसे तेवढेच. फरक पडला तो एका प्रश्नाने.

तुम्ही इजिप्तच्या कैरोला, मोरोक्कोच्या फेसला किंवा जपानच्या क्योतोला जाल तेव्हा त्या पाहुण्याच्या जागी तुम्ही असाल. ग्रुप टूरचा कार्यक्रम ठरलेला असतो, तो रेटला जातो. खाजगी गाइड मात्र तुमच्याकडे बघून दिवस आखतो. तुम्ही गप्प राहिलात तर तो सवयीचा रस्ता धरतो, आणि त्या रस्त्यावर दुकानं असतात.

आधी ‘खाजगी’ म्हणजे काय ते बघू. तुमच्या गाडीत दुसरं कुटुंब नसतं, एवढाच त्याचा अर्थ. रांग चुकत नाही, बंद दार तुमच्यासाठी उघडत नाही. पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. गाइड किती तासांचा? पूर्ण दिवस बहुधा आठ तासांचा धरतात. नववा तास कोणत्या दराने? प्रवेश तिकिटं धरली आहेत का? गाडी आहे की पायी आणि मेट्रोने? गाइडचं जेवण, तिकीट, प्रवासखर्च कोणाकडे? सगळ्या शहरांत एकच गाइड की दर शहरात नवा? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. गाइड बदलला की तुमची सांगून झालेली प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

आणि तुमच्याकडून त्यांना एक पानभर माहिती पाठवा. प्रत्येकाचं वय, सलग किती चालवतं, गुडघे कसे आहेत, जिने चढवतात का, जेवणाचं पथ्य काय, कशात रस आहे. शेवटी एक वाक्य स्पष्ट लिहा: ‘आम्हाला खरेदीला जायचं नाही’ किंवा ‘एकाच दुकानात अर्धा तास चालेल’. अशी ओळ आधीच लेखी असेल तर ऐनवेळी कोणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

इजिप्तमध्ये गाइड परवानाधारक असतो आणि इतिहास शिकलेला असतो. पण राजांच्या खोऱ्यात, लक्सरला, थडग्यांच्या आत त्याला बोलायची परवानगी नसते. तो बाहेर उन्हात उभा राहून चित्रं दाखवत सगळं समजावतो आणि तुम्हाला आत पाठवतो. अनेकांना वाटतं गाइडने टाळाटाळ केली. तसं नाही. अरुंद बोगद्यात गर्दी तुंबू नये म्हणून हा नियम आहे. तेव्हा बाहेरची ती दहा मिनिटं लक्ष देऊन ऐका. छतावर काय आहे, डावीकडे काय, शवपेटीच्या दालनात काय, हे तेव्हाच डोक्यात बसवायचं. साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामेनचं वेगळं तिकीट, सेती पहिला याचंही वेगळं. उघडी थडगी आलटूनपालटून बदलतात, म्हणून घरून यादी करून नेण्यापेक्षा ‘आज उघड्यांपैकी रंग कुठले चांगले टिकलेत?’ हे गाइडलाच विचारा.

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आतही हेच. वर चढणारा बोगदा सुमारे 1.2 मीटर उंच आहे, म्हणजे कमरेत वाकूनच चढायचं, आणि वरच्या दालनात नक्षी नाही, चित्र नाही, ग्रॅनाइटची रिकामी पेटी आहे. कंबर दुखत असेल तर आत न गेल्याने काही चुकत नाही.

आता बक्षिसी. हा शब्द आपण आणि इजिप्शियन लोकांनी एकाच फारसी घरातून उचलला आहे. तिथे तो दिवसभर कानावर पडतो. देवळातला राखणदार खुणेने कोपऱ्यात बोलावतो, ‘इथून फोटो छान येतो’ असं दाखवतो आणि मग हात पुढे करतो. त्याच्यामागे गेलात तर काहीतरी द्यावं लागतं; द्यायचं नसेल तर जागेवरूनच मान हलवा. सकाळी हॉटेलवर मोठी नोट मोडून सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पहिल्या दिवशी गाइडकडे ठरावीक रक्कम देऊन ‘वाटेतली बक्षिसी तुम्हीच द्या’ असं सांगणं. गाइड आणि ड्रायव्हर यांची टिप मात्र वेगळी, शेवटच्या दिवशी, दोघांना स्वतंत्र पाकिटात.

पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचं दुकान, अत्तराचं दुकान, लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावरचा अलाबास्टर या मऊ दगडाच्या वस्तूंचा कारखाना: हे तिन्ही थांबे येतातच. गाइडला त्यात कमिशन असतं आणि ते तुमच्या किमतीत मिसळलेलं असतं. वस्तू आवडली तर जरूर घ्या. पपायरस म्हणून केळीच्या पानाचा कागदही खपवला जातो, तेव्हा उजेडासमोर धरून आडव्या-उभ्या पट्ट्यांची वीण दिसते का ते बघा.

मोरोक्कोत एक गोष्ट आधी माहीत असावी: मशिदीत मुसलमान नसलेल्यांना प्रवेश नाही. कॅसाब्लांकाची हसन दुसरा मशीद हा ठळक अपवाद. फेसच्या जुन्या शहरात गाइड तुम्हाला दारापर्यंत नेईल, तिथून अंगण दिसेल, आत पाऊल टाकायचं नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की सामान गाढवावरून येतं. मागून ‘बालाक!’ ऐकू आलं की भिंतीला चिकटा, वळून बघत बसू नका.

चामडं कमावण्याचे ते गोल हौद, शुवारा, चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरूनच दिसतात. त्यामुळे हे दुकान टाळता येत नाही आणि टाळूही नये. हातात पुदिन्याची काडी देतात, कारण कातडं मऊ करायला कबुतराची विष्ठा वापरतात आणि वास तसाच असतो. खाली उतरताना विक्रेता चहा देतो. चहा प्यायल्याने तुम्ही बांधले जात नाही. बांधले जाता ते आकडा उच्चारल्यावर. घ्यायचं नसेल तर ‘जास्तीत जास्त किती द्याल?’ या प्रश्नाला गमतीतही उत्तर देऊ नका. तुम्ही किंमत सांगितली आणि त्याने होकार दिला की मागे फिरणं तिथे वाईट समजतात. ‘ला, शुक्रन’ म्हणजे ‘नको, आभारी आहे’. हसून दोनदा म्हणा आणि चालू लागा.

जेवणावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण आपल्याकडचे निम्मे प्रश्न इथलेच असतात. ‘आम्ही व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही. या शब्दाचा अर्थ अनेक ठिकाणी ‘मांसाचा तुकडा दिसायला नको’ इतकाच घेतला जातो. मोरोक्कोत सात भाज्यांचा कुसकुस, म्हणजे रव्याच्या कण्यांचा पदार्थ, बऱ्याचदा मांसाच्या रश्शात शिजतो. इजिप्तमध्ये मुलुखिया या पालेभाजीला कोंबडीचं पाणी असतं. जपानमध्ये तर दाशी नावाचं मूळ पाणीच बहुतेक रश्श्यांखाली असतं, आणि त्यात बोनितो माशाचा सुकवलेला कीस पडतो. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं), सोबा नावाच्या शेवया, उकडलेली भाजी, सगळीकडे. म्हणून पदार्थाचं नाव विचारू नका, ‘हे कशाच्या पाण्यात शिजवलं?’ असं विचारा. इजिप्तमध्ये कोशरी बिनधास्त खा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोचा रस्सा आणि वर तळलेला कांदा. ‘फूल’ म्हणजे शिजवलेला बाकला आणि ‘तामिया’ म्हणजे बाकल्याचे तळलेले वडे, हेही आपल्याला चालणारे. जैन मंडळींना मात्र कांदा-लसणामुळे यातलं बरंच वर्ज्य होतं. त्यांनी कोरडा शिधा बरोबर ठेवावा. जपानमध्ये देवळांतलं शोजिन रयोरी हे भिक्खूंचं जेवण मांसमासळीविना असतं, पण ते आधी नोंदवावं लागतं.

जपानी गाइडकडून वेगळी अपेक्षा ठेवा. 2018 पासून तिथे परवाना नसलेलाही पैसे घेऊन गाइडचं काम करू शकतो, तेव्हा परवाना आहे का ते विचारा. टूर बहुधा पायी आणि रेल्वेने असते. टॅक्सीचा परवाना नसलेल्या गाइडने पैसे घेऊन तुम्हाला स्वतःच्या गाडीतून फिरवणं कायद्यात बसत नाही, म्हणून गाडी हवी तर ड्रायव्हरसकट वेगळी घ्यावी लागते. नऊची वेळ म्हणजे नऊला पाच कमी असताना लॉबीत उभं राहायचं. आणि गाइड एखाद्या विनंतीवर श्वास आत ओढून ‘जरा अवघड आहे’ म्हणाला, तर ते ‘नाही’च असतं. पुन्हा आग्रह केला तर त्याला संकटात टाकल्यासारखं होतं. त्याऐवजी ‘या दोनपैकी तुम्ही काय निवडाल?’ असं विचारा, खरं उत्तर मिळतं.

पायताणाचा नियम आपल्याला वाटतो तितका सोपा नाही. बाहेरचे बूट खालच्या पायरीवर काढायचे, मोजे त्या पायरीला न टेकवता थेट वरच्या लाकडी जमिनीवर पाय ठेवायचा. तिथल्या सपाता तातामीच्या चटईपाशी काढायच्या. संडासात वेगळ्या सपाता असतात, आणि त्याच घालून लोक बाहेर येतात, ही सगळ्यांत नेहमीची चूक. सोवळं-ओवळं ज्या घरात पाळलं जातं त्यांना या सीमा लगेच कळतील. क्योतोत एका दिवसात बरेचदा बूट काढावे लागतात, तेव्हा लेस नसलेले बूट आणि न फाटलेले मोजे न्या. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. गियोन या क्योतोतल्या गेइशांच्या जुन्या वस्तीच्या खाजगी गल्ल्यांत शिरलं तर 10,000 येन दंडाच्या पाट्या आहेत. गाइड तिथे वळत नसेल तर ते याचमुळे.

जपानमध्ये टिप देऊ नका. पाकीट पुढे केलंत तर गाइड गोंधळतो. मनापासून काही द्यायचं असेल तर नाशिकच्या चिवड्याचं सीलबंद पाकीट छान कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी द्या. तो तुमच्यासमोर ते उघडणार नाही, म्हणून त्यात शेंगदाणे आहेत हे एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून आत घाला. घरी कोणाला त्याची अ‍ॅलर्जी असू शकते.