दहा किलोमीटरच्या वर्तुळात

सीताबर्डीच्या मुंजे चौकात उभे राहून डेटिंग ॲपमधले अंतर दहा किलोमीटरवर ठेवले, तर त्या वर्तुळात सदर, जरीपटका, धरमपेठ, महाल, इतवारी आणि मानेवाडा, म्हणजे जवळजवळ सारे जुने-नवे नागपूर येते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती. त्यातून वयात न बसणारे, संसारात रमलेले आणि अशा ॲपच्या वाटेला न जाणारे वगळले, की उरलेले चेहरे काही आठवड्यांतच पुन्हा पुन्हा समोर येऊ लागतात. यांपैकी कोणी वर्गातली असते, कोणी मामेभावाचा मित्र असतो, तर कोणी वरच्या मजल्यावरच राहत असते. त्यामुळे कोणते ॲप चांगले, या मुंबई-पुण्यात सोप्या वाटणाऱ्या प्रश्नाला नागपुरात निराळे वळण मिळते. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ॲप केव्हा विचारते आणि ते उत्तर कोणाकोणाला दिसते, हे येथे आधी पाहावे लागते.

टिंडर २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झाले आणि नापसंत असल्यास डावीकडे, पसंत असल्यास उजवीकडे बोट सरकवण्याची सवय त्यानेच जगाला लावली. बंधनाविना भेटीगाठींचे ॲप अशी त्याची ख्याती आहे, पण ती अर्धीच खरी आहे, कारण आता त्यात दीर्घकाळचा जोडीदार, थोड्या दिवसांची मौज, नवे मित्र आणि ‘अजून ठरलेले नाही’ असे पर्याय प्रोफाइलवरच निवडता येतात. नागपुरातल्या प्रोफाइलवर हा शेवटचा पर्याय फार सोयीचा ठरतो. टाइमपास हवा आहे असे लिहिले तर ओळखीचे कोणी पाहील, आणि लग्नाचा विचार आहे असे लिहिले तर समोरची व्यक्ती दचकेल, या दुहेरी भीतीवर तो उतारा असतो. तर्री पोहे, फुटाळा तलावावरची संध्याकाळ आणि बुलेट एवढ्यावर परिचय संपतो, आणि हेतूचा प्रश्न पहिल्या भेटीपर्यंत लांबणीवर पडतो. तो असा लांबवणे हेच बहुतेक रुसव्याफुगव्यांचे मूळ आहे, असे आमचे मत आहे.

टिंडरची एक सोय मात्र जणू नागपूरसाठीच केलेली आहे. २०२१ पासून फोनमधले निवडक क्रमांक त्यात अडवता येतात. काका, आत्या, शिकवणीचे सर आणि कार्यालयातले वरिष्ठ यांचे क्रमांक आधीच अडवून ठेवले, तर त्याच क्रमांकाने खाते उघडलेल्या ओळखीच्या माणसासमोर आपला चेहरा येत नाही. अंतराची मर्यादा १६० किलोमीटरपर्यंत वाढवता येते, आणि तशी ती वाढवली, की वर्धा, भंडारा, अमरावती, चंद्रपूर आणि सीमेपलीकडचे छिंदवाडाही वर्तुळात येते. चेहरे वाढतात, पण भेटायला एसटी किंवा रेल्वे गाठावी लागते, आणि तेवढा प्रवास करून कोणी निव्वळ टाइमपाससाठी येत नाही.

बंबल २०१४ मध्ये सुरू झाले आणि २०१८ च्या डिसेंबरात भारतात आले. स्त्री आणि पुरुष यांची पसंती जुळल्यावर पहिला शब्द स्त्रीने लिहायचा, आणि तो २४ तासांत लिहिला नाही तर जुळणी मिटायची, हा त्याचा मूळ नियम होता. २०२४ मध्ये त्यात सवलत आली. आता स्त्रीला एखादा प्रश्न आधीच ठरवून ठेवता येतो आणि पुरुष त्याचे उत्तर देऊन बोलणे सुरू करू शकतो. ज्या शहरात मुलीने आधी बोलणे हेच अनेक घरांत आगाऊपणाचे समजले जाते, तेथे या नियमाचे मोल मोठे आहे, कारण नको असलेल्या संदेशांचा लोंढा त्यामुळे उंबरठ्यावरच अडतो. कॅज्युअल भेटीची इच्छा असलेल्या स्त्रीलाही हेच ॲप अधिक सुसह्य वाटावे, यात नवल नाही.

हिंज ‘डिलीट होण्यासाठीच बनवलेले’ अशी स्वतःची जाहिरात करते, आणि त्याची मालकी टिंडर चालवणाऱ्या मॅच ग्रुपकडेच आहे, हा योगायोग गमतीचा आहे. तेथे प्रोफाइलवर ठरावीक प्रश्नांपैकी तिनांची उत्तरे लिहावी लागतात आणि पसंती एखाद्या छायाचित्रावर किंवा उत्तरावर नोंदवायची असते, म्हणून बोलण्याला निदान निमित्त तरी मिळते. फुकट वापरणाऱ्याला दिवसाकाठी मोजक्याच पसंती देता येतात. जोडीदार एकच हवा की नात्याची रचना मोकळी हवी, हेही तेथे वेगळे नोंदवता येते. मोकळ्या नात्यांसाठी आणि जोडप्यांसाठी खास काढलेले फील्ड हे ॲप याबाबत सर्वांत स्पष्टवक्ते आहे, पण जितके ॲप खास, तितके त्याचे नागपुरातले वर्तुळ लवकर आटते.

आणखी एक प्रश्न ॲपने विचारलेला नसतो, पण वापरणारे विचारतात. टिंडर आणि बंबल यांवर फक्त पहिले नाव दिसते. विवाहसंस्थांच्या संकेतस्थळांवर जात आणि पोटजात आधी निवडायची असते, येथे ती कोठेच नसते. तरीही हिंदी-मराठी मिश्र गप्पा चार ओळी पुढे सरकल्या, की ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतो, आणि तो बहुधा सहज विचारलेला नसतो. ज्याला केवळ एका संध्याकाळची सोबत हवी आहे त्याने आडनाव का विचारावे, याचे समर्पक उत्तर आम्हाला मिळालेले नाही.

समलिंगी पुरुषांसाठी २००९ मध्ये आलेले ग्राइंडर याहून वेगळ्या तऱ्हेने चालते. तेथे पसंती जुळण्याची वाट पाहावी लागत नाही. जवळचे लोक चौकटींत दिसतात, अंतरही दिसते, आणि कोणालाही थेट लिहिता येते. एखाद्या ले-आउटमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, तीनशे मीटर हे अंतर दिसले, तर घर ओळखायला वेळ लागत नाही, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अंतर लपवणे हे तेथे पहिले काम असायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे तासाभराची भेट शोधणारा आणि जन्माची सोबत शोधणारा, दोघेही त्याच चौकटींत शेजारी शेजारी दिसतात.

विवाहितांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेले ग्लीडन हे फ्रेंच ॲपही भारतात आहे. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, परंतु हिंदू विवाह कायद्यात तो आजही घटस्फोटाचा आधार आहे.

हेतू स्पष्ट लिहिण्याला आता कायद्याचीही बाजू आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवल्यास १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. या कलमावर मतभेद आहेत, ते असोत. पण ‘बघू पुढे, घरी बोलतो’ हे वाक्य चॅटमध्ये सहज टंकणाऱ्याने त्याचा अर्थ आधी स्वतःशी ठरवलेला बरा.

गप्पा ॲपवरून व्हॉट्सॲपवर नेण्याची घाई येथे फार आहे. त्यात फोन क्रमांक जातो, आणि क्रमांकामागोमाग आडनाव, छायाचित्र आणि कधी कधी पैसे पाठवण्याच्या ॲपवरचे पूर्ण नावही जाते. व्हिडिओ कॉलचे चित्रण करून खंडणी मागणाऱ्यांना एवढेच हवे असते. अशा वेळी पैसे देऊ नयेत, समोरच्याने जुळणी तोडून गप्पा नाहीशा करण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. तक्रार करताना आपण ॲपवर कॅज्युअल भेटीसाठी गेलो होतो की लग्नासाठी, याचा खुलासा देण्याचे कारण नाही, कारण खंडणी हा गुन्हा दोन्ही बाबतींत सारखाच आहे.