बेल्ट बसत नाही, तेव्हा आधी हेड मोजा

मंडळी, आज ड्रॅग रेसच्या (सरळ पट्टीवरच्या शर्यतीच्या) गाड्यांच्या टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) जोरावर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याबद्दल. "बेल्ट बसत नाही" असं म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. कुणाचा बेल्ट कॅम पुलीवर चढतच नाही. कुणाचा चढतो, पण टेन्शनर (बेल्टला ताण देणारी चाकी) पूर्ण दाबूनही सैल राहतो. कुणाच्या क्रँक आणि कॅमच्या पुल्यांवरच्या खुणा जुळत नाहीत. आणि कुणाचं सगळं ठीक वाटतं, पण दोन-चार रनमध्येच बेल्टची कड झिजून आतले धागे बाहेर येतात. या चारही तक्रारींवर आपल्याकडे पहिला उपाय एकच, नवा बेल्ट आणा. माझं म्हणणं असं आहे की बहुतेक वेळा बेल्टचा दोष नसतो. बेल्टच्या आतली काचतंतूंची दोरी जवळजवळ ताणतच नाही. काल बसणारा आणि आज न बसणारा बेल्ट तोच असेल, तर मधल्या काळात इंजिनची मापं बदलली आहेत. ती शोधायची.

नवा बेल्ट आणलाच असेल तर तीन गोष्टी जुन्याशी ताडून बघा: दातांची संख्या, दोन दातांमधलं अंतर, आणि दाताचा आकार. रुंदी सगळे बघतात, दाताचा आकार फारसं कुणी बघत नाही. गोल दाताचा बेल्ट चौकोनी खाचेच्या पुलीवर मोजून तेवढ्याच दातांचा असला तरी वर उचलून बसतो, त्यामुळे तो आखूड वाटतो. आणि बेल्ट दुमडून खिशात किंवा डिकीत कोंबू नका. दुमडला तिथली दोरी मोडते, बाहेरून काही दिसत नाही आणि भर रनमध्ये तिथेच तुटतो.

आता मुख्य मुद्दा, हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) फेस मारण्याचा, म्हणजे त्याचं खालचं तोंड मशीनवर घासून सपाट करण्याचा. कॉम्प्रेशन वाढवायचं म्हणून हेड ठाण्यातल्या वागळे इस्टेटला किंवा नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या मशीन शॉपला जातं आणि फेस मारून येतं. किती काढलं असं विचारलं तर उत्तर मिळतं, "थोडंच काढलंय." हे उत्तर घेऊन परत येऊ नका. हेड देण्याआधी चारही कोपऱ्यांवर उंची मोजून वहीत लिहा, परत आल्यावर पुन्हा मोजा. समजा ०.५ मिमी काढलं. कॅम तेवढाच क्रँककडे सरकला. बेल्ट वर जातो आणि खाली येतो, म्हणून एकूण मार्ग साधारण दुप्पट, म्हणजे १ मिमीच्या आसपास कमी झाला. ही ढील टेन्शनर खाऊन टाकतो आणि आपण खूश होतो. पण टेन्शनर ढिल्या बाजूला असतो. ओढणाऱ्या बाजूला तो काहीच करू शकत नाही. तिथे क्रँकला आधी तो अर्धा मिलिमीटर बेल्ट ओढून घ्यावा लागतो, मगच कॅम हलतो. म्हणजे कॅम मागे राहतो.

किती मागे, ते कागदावर काढता येतं. ४८ दातांची कॅम पुली, दोन दातांत ८ मिमी. परीघ ३८४ मिमी, त्रिज्या सुमारे ६१ मिमी. ०.५ मिमी सरकलं की कॅमवर साधारण ०.४७ अंश, क्रँकवर ०.९४ अंश. ब्लॉकचाही (हेडखालच्या सिलिंडरांच्या भागाचाही) फेस मारला असेल आणि मिळून १ मिमी गेला असेल तर क्रँकवर जवळजवळ १.९ अंश. रोजच्या गाडीत हे चालून जातं. ड्रॅगच्या कॅमला चालत नाही, कारण तिथे व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) मोठा असतो. कॅम मागे राहिला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, वर येणारा पिस्टन त्याच्या आणखी जवळ जातो, आणि हेड खाली आल्यामुळे मुळातच अंतर कमी झालेलं असतं. दोन्ही चुका एकाच दिशेने बेरीज होतात. इंजिन बांधणारे सर्वसाधारणपणे इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर किमान धरतात. पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून, जुन्या गॅसकेटने (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पॅकिंगने) हेड आवळून, दोन फेरे हाताने फिरवून ते मोजा. उपाय दोन: व्हर्नियर (थोडी थोडी फिरवून बसवता येणाऱ्या) कॅम पुलीने कॅम पुढे आणा, किंवा जाड मेटल गॅसकेट घाला. पहिला मला जास्त पटतो, कारण जाड गॅसकेटने पिस्टन आणि हेडमधली फट वाढते आणि ज्यासाठी फेस मारला तेच हातचं जातं.

टर्बोवाल्यांचं नेमकं उलटं होतं. कॉम्प्रेशन उतरवायला १ मिमी जास्त जाड गॅसकेट घातलं की मार्ग जवळजवळ २ मिमीने वाढतो, कॅम पुढे जातो आणि "बेल्ट चढतच नाही" ही तक्रार येते. इथे स्क्रूड्रायव्हरने बेल्ट ढकलून चढवू नका. टेन्शनर त्याच्या हद्दीत बसत नसेल तर टेन्शनरची जागा बदलावी लागेल.

खुणा अर्धा दात चुकतात, तेव्हा? त्याच पुलीचा अर्धा दात म्हणजे कॅमवर ३.७५ अंश. फेस मारण्याने एवढा फरक पडायचा तर ४ मिमी काढावे लागतील, आणि एवढं कुणी काढत नाही. म्हणून अर्ध्या दाताचा घोळ दिसला की हेडवर संशय नको. क्रँकवर पुली अडकवणाऱ्या चावीची खाच रुंद झाली आहे का, कॅमची डॉवेल पिन (पुली जागेवर धरणारी खिळी) सैल आहे का, आणि तुम्ही नेमकी कोणती खूण धरताय, हे बघा. होंडाच्या जुन्या बेल्टवाल्या इंजिनांत बाहेरच्या पुलीवर टीडीसीची (पिस्टन अगदी वर असल्याची) पांढरी खूण वेगळी आणि इग्निशनची लाल खूण वेगळी असते. लाल धरली की सगळंच सरकतं. त्यातून बाहेरच्या पुलीच्या मधलं रबर जुनं झालं की रिंगच फिरते आणि तिच्यासोबत खूणही. स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) लावा, क्रँक दोन्हीकडे फिरवून डिग्री व्हीलवर (अंशांच्या चकतीवर) दोन्ही बाजूंचे आकडे घ्या, त्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी.

ताण देताना फिरवण्याची दिशा फार महत्त्वाची. होंडाची ही इंजिनं पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. बाकीची बहुतेक सुलट. होंडात टेन्शनरचा बोल्ट ढिला करून, क्रँक घड्याळाच्या उलट, कॅम पुलीचे तीन दात सरकतील एवढा फिरवायचा, मग बोल्ट आवळायचा. असं केलं की ढील टेन्शनरच्या बाजूला येते. चुकून उलटं फिरवलं तर ढील ओढणाऱ्या बाजूला राहते, आणि पहिल्या स्टार्टलाच दात उडू शकतो, म्हणजे बेल्ट पुलीचा एक दात ओलांडून सरकतो. कुठलंही इंजिन असो, ताण दिल्यावर क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून खुणा पुन्हा बघा. पाना अडला तर जोर लावू नका. अडतंय ते बहुधा व्हॉल्व्ह आणि पिस्टन.

ताण बरोबर असूनही लाँचला (सुटताना) दात उडत असेल तर व्हॉल्व्ह स्प्रिंग लक्षात घ्या. कडक स्प्रिंग उघडताना कॅमला अडवते आणि बंद होताना पुढे ढकलते, म्हणून बेल्टचा ताण सतत वर-खाली होतो. त्यात टू-स्टेपवर (सुटण्याआधी इंजिनचा वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेवर) इग्निशन कापलं जातं तेव्हा क्रँकला झटके बसतात. स्प्रिंगचा टेन्शनर ताण दिल्यावर बोल्टने पक्का करावाच लागतो. आणि कृपा करून हे तपासायला रात्री नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर जाऊ नका. ड्रॅगचे ते ४०२ मीटर (पाव मैल) बंद पट्टीवरच धावायचे. त्या रस्त्यावर माणसं असतात.

बेल्ट कडेला सरकतो तो पुल्या एका रेषेत नसल्यामुळे. सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडाला लावा. पाव अंशाच्या आत तिरपेपण चालतं, म्हणजे ३०० मिमी अंतराला सुमारे १.३ मिमी. जास्त दिसलं तर क्रँकवरची गाईड प्लेट (बेल्टला कडेने अडवणारी चकती) उलटी बसली आहे का आणि टेन्शनरचा बेअरिंग कलतो का, हे आधी बघा. कॅम पुली सारखी सेट करायची म्हणून वरचं कव्हर काढून धावणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एक बारीक खडी दातात शिरली की बेल्ट उडायला पुरेशी असते.

अमेरिकेतल्या ड्रॅगच्या व्ही-८ इंजिनांवर बेल्ट ड्राइव्ह किट लावतात, त्यांत बहुधा टेन्शनरच नसतो. स्मॉल ब्लॉक शेव्हरोलेटमध्ये क्रँक ते कॅम अंतर ११४.८ मिमी. मेन बोअर (ब्लॉकमध्ये क्रँक बसतो ती भोकं) होन केले, म्हणजे घासून घेतले, की क्रँक कॅमकडे सरकतो आणि बेल्ट सैल होतो. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर ७० अंशांनी तापल्यावर हे अंतर सुमारे ०.१८ मिमीने वाढतं, बिडाच्या ब्लॉकमध्ये ०.०९ मिमीने. म्हणून थंड असताना कडक वाटणारा बेल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर गरम झाल्यावर शिट्टीसारखा वाजतो आणि कॅमच्या पुढच्या बेअरिंगवर भार टाकतो. त्याच्यासाठी इंजिन थंड असताना थोडी ढील ठेवूनच पुल्या निवडाव्या लागतात.

पहिल्या रननंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कव्हर काढा, व्हर्नियर पुलीचे बोल्ट टॉर्क पान्याने बघा, मग खुणा बघा. त्या जुळल्या तरच दुसऱ्या रनला गाडी रांगेत लावा.