"फॉर्ममध्ये होतं म्हणून विचारलं" म्हणालात की अडकलात! यूकेमध्ये हेल्थ व्हिजिटर व्हायचं तर

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेले की मी आता हेल्थ व्हिजिटरच्या (घरी जाऊन लहान बाळांकडे आणि आयांकडे बघणाऱ्या नर्सच्या) स्टुडंट्सना असेस करते, आणि कमेंट्सचा नुसता पूर आलाय. ताई कोर्स किती महिन्यांचा, ताई ओएससीई (परदेशी नर्सची प्रॅक्टिकल परीक्षा) झाली की लगेच करता येतो का, ताई नाईट ड्युटी असते का. (नसते. म्हणूनच अर्धे लोक इकडे येतात, लाजू नका.) आणि एकाने तर लिहिलंय, "बाळांची वजनं करायला वर्षभराचा कोर्स कशाला लागतो?" दादा, थांब, तुझ्याकडे येतेच.

आधी बेसिक पटापट उरकते. तुम्ही आधीच एनएमसीच्या (इथल्या नर्सिंग-मिडवाइफरी कौन्सिलच्या) रजिस्टरवर नर्स किंवा मिडवाइफ असायला हवं. म्हणजे भारतातून येऊन डायरेक्ट नाही, आधी सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा), ओएससीई, रजिस्ट्रेशन आणि मग हे. आपल्याकडे जिल्हा परिषदेत एलएचव्ही, लेडी हेल्थ व्हिजिटर, असते तो प्रकार वेगळा, नाव सारखं दिसतं म्हणून फसू नका. इथे कोर्सचं नाव लांबलचक आहे, स्पेशालिस्ट कम्युनिटी पब्लिक हेल्थ नर्सिंग, एससीपीएचएन, फुल टाइम केला तर साधारण वर्ष, निम्मा वेळ युनिव्हर्सिटी, निम्मा प्रॅक्टिस. बहुतेक ठिकाणी एम्प्लॉयर स्पॉन्सर करतो त्यामुळे जागा निघतात तेव्हाच अर्ज, आणि जाहिरात फक्त हॉस्पिटलच्या साइटवर शोधत बसू नका, कारण इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2015 पासून लहान मुलांच्या या सर्व्हिसची जबाबदारी लोकल कौन्सिलकडे गेलीये. पास झालात की बँड 6, म्हणजे एनएचएसची ती पगारश्रेणी. झालं बेसिक.

आता असेसमेंट. माझ्या वेळी सोपं होतं. मी 2013 मध्ये केला, सरकारने 4,200 जादा हेल्थ व्हिजिटर घ्यायचं ठरवलं होतं ना, त्या लाटेत. तेव्हा एकच बाई असायची, प्रॅक्टिस टीचर, तीच शिकवणार आणि तीच पास-नापास करणार. आता एनएमसीने हे तोडलंय. प्रॅक्टिस सुपरवायझर रोज बरोबर असते, शिकवते, फीडबॅक लिहिते. प्रॅक्टिस असेसर, म्हणजे मी, ते सगळं वाचून आणि स्वतः बघून ठरवते. आणि युनिव्हर्सिटीची अकॅडमिक असेसर तिसरी. सुपरवायझर आणि असेसर अगदी अपवाद सोडला तर एकच व्यक्ती नसते. म्हणून ते "माझ्या सुपरवायझरशी माझं छान जमतं, साइन-ऑफ होईल ना?" विचारणं बंद करा प्लीज. जमतं ते उत्तमच, पण सही तिची नसते.

बरं, लोक अडकतात कुठे? थिअरीत नाही हो, असाइनमेंट सगळे लिहितात. अडकतात ते "का" या प्रश्नावर. माझीच फजिती सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

मी स्टुडंट, न्यू बर्थ व्हिजिट, म्हणजे बाळ 10 ते 14 दिवसांचं असताना जातो ती. दार उघडलं आणि आतून मराठी ऐकू आलं! मी इतकी खूश की काही विचारू नका. चहा आला, सासूबाई शेजारी येऊन बसल्या, गाव कोणतं, माहेर कुठलं, सगळं झालं. मग मी फॉर्म काढला आणि आईला दोन प्रश्न विचारले, व्हूली क्वेश्चन्स म्हणतात त्यांना: गेल्या महिन्याभरात उदास, निराश, हताश वाटत होतं का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासं झालंय का. आई काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "छे गं, मजेत आहे ती." आई हसली. मी दोन्हीकडे "नाही" टिक केलं.

गाडीत बसल्यावर माझ्या प्रॅक्टिस टीचरने एवढंच विचारलं, "ते प्रश्न आत्ताच का विचारलेस?"

मी म्हणाले, "फॉर्ममध्ये होतं."

ती काही बोलली नाही, गाडी सुरू केली. पुढच्या व्हिजिटला पोचेपर्यंत शांतता. माझे कान अजून गरम होतात आठवलं की.

म्हणजे बघा, वॉर्डात आपल्याला सवय असते की ऑब्जर्वेशन राहिलं तर बोलणी बसतात, सगळे रकाने भरले पाहिजेत. आणि इथे कधी कधी रकाना रिकामा ठेवणं हेच बरोबर उत्तर असतं. घर तिचं आहे, आपल्याला आत शिरायचा कायद्याने काही हक्क नाही, तिने "नको" म्हटलं तर विषय संपला. खोलीत कोण बसलंय, कोण कोणाच्या वतीने बोलतंय हे बघूनच ठरवायचं की हा प्रश्न आज की नंतर. घरात मारहाण होते का हा प्रश्न तर नवरा समोर असताना कधीच नाही. कधीच. आणि घरच्यांना दुभाषी करू नका, इंटरप्रिटर मागवा, "अहो ते मिस्टरच सांगतात सगळं" हे कारण चालत नाही.

आता वजनवाले दादा. चार्टवर ठिपका काढणं पाच मिनिटांत शिकवते मी तुला. पण रेड बुकात (बाळाच्या तब्येतीच्या नोंदवहीत) नऊ सेंटाइल लाइन्स असतात, म्हणजे शंभरातली किती बाळं याहून हलकी ते दाखवणाऱ्या रेषा, आणि बाळ दोन जागा (दोन रेषांमधलं अंतर म्हणजे एक जागा) खाली घसरलं तर घाबरायचं का, हे त्याचं जन्माचं वजन कुठे होतं त्यावर असतं. 9व्या सेंटाइलच्या खाली जन्मलेलं असेल तर एक जागा घसरली तरी लक्ष घालायचं, 9 ते 91च्या मध्ये असेल तर दोन, 91च्या वर असेल तर तीन. आणि पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतंच, 10 टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर बघायचं. आता समज स्टुडंटने ठिपका बरोबर काढला आणि आईला म्हणाली "दर आठवड्याला वजनाला आणा". मी विचारणार, का? दूध पिताना बघितलंस का? "प्रोटोकॉल आहे" म्हणालीस तर पुन्हा तीच गाडी, तीच शांतता.

आणि पोर्टफोलिओ, म्हणजे स्टुडंटने आपल्या कामाचे पुरावे लिहायची फाइल! देवा. "मी आईशी इफेक्टिव्ह कम्युनिकेशन केले." म्हणजे केलंस काय नेमकं? बसलीस, उठलीस, टीव्ही बंद करायला सांगितलास, गप्प राहिलीस? परवा एकीचं वाचलं, चार पानं, त्यात होलिस्टिक सात वेळा, आणि बाळाचा उल्लेख एकदा. त्याउलट दुसरीने अर्ध्या पानात लिहिलं होतं की मी पेरिनियल (बाळंतपणात खाली घातलेल्या) टाक्यांबद्दल विचारणार होते, पण दीर खोलीत आला म्हणून विषय बदलला, आणि निघताना दारात हळूच विचारलं. मी लगेच तो पुरावा मान्य केला. तिने "का" लिहिलं होतं, संपलं.

एक कमेंट राहिलीच: "इंग्लंडमध्ये किती व्हिजिट असतात?" पाच तरी ठरलेल्या आहेत, गरोदरपणात 28 आठवड्यांनंतर एक, मग न्यू बर्थ, 6 ते 8 आठवडे, वर्षाच्या आसपास, आणि 2 ते अडीच वर्षं. स्कॉटलंडमध्ये 11 होम व्हिजिट. म्हणून स्कॉटलंडला अर्ज करताना इंग्लंडचे आकडे पाठ करून जाऊ नका, इंटरव्ह्यूत कळतं लगेच.

आणि हो, त्या घराचं पुढे काय झालं विचाराल. "नाही" पुसता येत नाही, रेकॉर्ड आहे ते. त्याच संध्याकाळी मी खाली नवी नोंद केली: सासू खोलीत होती, उत्तर सासूने दिलं, आईला एकटीला विचारलेलं नाही, पुन्हा विचारणार. 6 आठवड्यांनी आई एकटीच क्लिनिकला आली. मी फॉर्म बॅगेतच ठेवला आणि विचारलं, "झोप होते का गं?" आणि ती अर्धा तास बोलत होती.