उशीखालचं पुस्तक

[दृश्य : अंधारात जुन्या पुस्तकाची कड. कॅमेरा सावकाश पानांजवळ येतो.]

हे पुस्तक मॉस्कोच्या सरकारी ग्रंथालयात जपून ठेवलंय. रशियन भाषेतला बायबलचा नवा करार, १८२३ ची आवृत्ती. पानांच्या समासात बारीक खुणा आहेत. काही पेन्सिलीच्या, काही नुसत्याच नखाने ओढलेल्या. नखाने अशासाठी की खुणा करणाऱ्याजवळ तेव्हा पेन्सिल नव्हती. पायांत बेड्या मात्र होत्या.

त्याचं नाव फ्योदोर दस्तयेव्हस्की.

[दृश्य : पीटर्सबर्ग. बर्फाने झाकलेला मोकळा चौक.]

२२ डिसेंबर १८४९. तारीख जुन्या रशियन पंचांगाची. सेम्योनोव्स्की चौकात कैद्यांना मृत्युदंडाची शिक्षा वाचून दाखवली जाते. दस्तयेव्हस्कीचा मुख्य गुन्हा असा, की मित्रमंडळींच्या बैठकीत त्याने बंदी असलेलं एक पत्र वाचून दाखवलं. टीकाकार बेलिन्स्कीचं गोगोलला लिहिलेलं पत्र, रशियन चर्चचे वाभाडे काढणारं. पुढे ज्याच्या कादंबऱ्यांत लोक ख्रिस्त शोधू लागले, तो चर्चविरोधी मजकूर वाचल्याबद्दल गोळ्या खायला उभा होता!

तिघातिघांना खांबाला बांधायचं ठरलेलं. पहिले तिघे बांधून झाले. दस्तयेव्हस्की पुढच्या तिघांत. तिथे हजर असलेल्या एका सोबत्याची आठवण आहे : दस्तयेव्हस्की शेजारच्या स्पेश्न्येवला म्हणाला, आपण ख्रिस्ताजवळ असू. स्पेश्न्येव किंचित हसला. म्हणाला, मूठभर धूळ.

बंदुका रोखल्या गेल्या, आणि मग झारची माफी वाचण्यात आली : मृत्युदंडाऐवजी सायबेरियात सक्तमजुरी. सगळं आधी ठरवून केलेलं नाटक. पण ती दोन वाक्यं काही मिटली नाहीत. पुढची तीस वर्षं ती त्याच्या कादंबऱ्यांतून एकमेकांशी भांडत राहिली, आणि गंमत म्हणजे धुळीची बाजू तो फार जोरकस मांडायचा.

[दृश्य : सायबेरियाचा रस्ता. घसरगाडीच्या चाकोऱ्या.]

जानेवारी १८५०, तोबोल्स्क. १८२५ च्या उठावातल्या कैद्यांच्या बायका, ज्या आपणहून नवऱ्यांमागे सायबेरियात आल्या होत्या, त्यांनी या नव्या कैद्यांची गाठ घेतली. पोटाला घातलं, धीर दिला आणि प्रत्येकाला एकेक नवा करार दिला. बांधणीच्या आत दहा रूबल लपवलेले. तुरुंगात एवढंच पुस्तक बाळगायला परवानगी होती.

ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं ते त्याच्या उशीखाली होतं. त्यावरून एका कैद्याला आपण वाचायला शिकवलं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तुरुंगावरच्या कादंबरीत हा विद्यार्थी अलेय नावाने येतो. दागेस्तानचा कोवळा मुसलमान पोरगा. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना त्याचा आवाज बदलतो. सर्वांत काय आवडलं, असं विचारलं तर म्हणतो, शत्रूवरही प्रेम करा म्हणतो ते. त्याचे भाऊ मान डोलावतात : ईसा मोठा पैगंबर, त्याने मातीचा पक्षी केला, फुंकर मारली आणि पक्षी उडाला, आमच्याही पुस्तकात आहे हे.

त्याच कादंबरीत पेत्रोव नावाचा कैदी आहे. तो निवेदकाचं बायबल चोरतो, विकतो, त्याची दारू पितो आणि संध्याकाळी येऊन तसं सांगतोही, जणू काही विशेष घडलंच नाही. अलेय आणि पेत्रोव एकाच तुरुंगात. दस्तयेव्हस्की दोघांपैकी कुणालाच हाकलत नाही.

सुटल्यावर, १८५४ मध्ये, त्याने फोनविझिना या बाईंना पत्र लिहिलं. तोबोल्स्कला भेटलेल्यांपैकीच त्या एक. मी या शतकाचं लेकरू, अश्रद्धेचं आणि संशयाचं, शवपेटीचं झाकण लागेपर्यंत असाच राहणार, असं तो कळवतो. आणि लगेच पुढे : सत्य ख्रिस्ताबाहेर आहे असं कुणी सिद्ध केलं, तरी मी सत्याला सोडून ख्रिस्ताजवळ राहीन.

[दृश्य : कोंदट खोली. वाकडी मेणबत्तीदाणी, संपत आलेली मेणबत्ती.]

१८६६. 'गुन्हा आणि शिक्षा'. नायक रास्कोल्निकोव सोन्या नावाच्या तरुणीच्या खोलीत येतो आणि तिला लाजराची गोष्ट वाचायला लावतो. मेलेला लाजर चार दिवसांनी थडग्यातून बाहेर येतो ती गोष्ट. वाचणारी वेश्या, ऐकणारा खुनी. आणि ज्या पुस्तकातून ती वाचतेय ते तिला लिझावेताने दिलेलं. लिझावेता म्हणजे याच्या कुऱ्हाडीखाली मेलेली बाई.

कादंबरी छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना हा प्रसंग खपला नाही. पवित्र वचन वेश्येच्या तोंडी? त्याला तो पुन्हा लिहावा लागला. कादंबरीच्या शेवटी सायबेरियातल्या रास्कोल्निकोवच्या उशीखाली तेच पुस्तक असतं. तो ते हातात घेतो, पण उघडत नाही. दुसरा एखादा लेखक तिथे दोन पानं प्रवचन देऊन मोकळा झाला असता.

पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलच्या संग्रहालयात, त्याने होल्बाइनचं एक चित्र पाहिलं. दोन मीटर लांब, जेमतेम तीस सेंटिमीटर उंच, आणि त्यात आडवा पडलेला मेलेला ख्रिस्त. हिरवट पडत चाललेला चेहरा, उघडं तोंड. बायको आना गरोदर होती, तिला ते बघवेना. पंधरा-वीस मिनिटांनी ती परत आली तर हा तिथेच खिळलेला, चेहरा फिट येण्याआधी व्हायचा तसा. 'इडियट'मध्ये प्रिन्स मिश्किन म्हणतो, या चित्राने एखाद्याची श्रद्धा उडेल.

[दृश्य : ऑप्तिनाचा मठ. नदी. पाइनची झाडं.]

मे १८७८. त्याचा धाकटा मुलगा अल्योशा फिट येऊन गेला. तीन वर्षांचाही झाला नव्हता. बापाचाच आजार पोराला लागला होता. जूनमध्ये तो ऑप्तिनाच्या मठात गेला आणि तिथल्या आम्ब्रोसी या वृद्ध साधूला भेटला.

पुढच्या वर्षी 'ब्रदर्स करामाझोव्ह' छापून येऊ लागली. तिच्यात एक शेतकरी बाई साधू झोसिमाकडे येते. पोर गेलंय. तीन वर्षांना तीन महिने कमी होते, म्हणते. नाव अलेक्सेई. म्हणजे अल्योशाच. एकदा तरी त्याची पावलं टपटप वाजताना ऐकू आली असती, म्हणते, आणि छातीशी लपवलेला त्याचा चिमुकला कमरपट्टा काढून दाखवते. तो पाहिल्याबरोबर हमसून रडते. झोसिमा तिला रडू नकोस म्हणत नाही. रड, म्हणतो.

त्याच कादंबरीत इवान आहे. छळून मारलेल्या लेकरांच्या हकिकती सांगून तो म्हणतो, एका पोराच्या आसवांवर उभा राहणारा स्वर्ग मला नको, हे घ्या तिकीट परत. मग तो स्पेनमधल्या सेव्हिलची गोष्ट सांगतो. ख्रिस्त पृथ्वीवर परत येतो, तर चर्चचाच नव्वदीचा अधिकारी त्याला कोठडीत टाकतो, रात्रभर सुनावतो. ख्रिस्त एक शब्द बोलत नाही. उठतो आणि म्हाताऱ्याच्या ओठांचं चुंबन घेतो. गोष्ट संपल्यावर इवानचा धाकटा भाऊ, त्याचंही नाव अल्योशाच, उठून त्याचं तसंच चुंबन घेतो, तर इवान ओरडतो, वाङ्मयचौर्य!

राजदरबारातल्या पोबेदोनोस्त्सेवला घोर लागला : इवानला उत्तर कुठंय? दस्तयेव्हस्कीने कळवलं, उत्तर झोसिमाच्या आयुष्यात येईल, मुद्द्याला मुद्दा असं नाही. ते पुरेल का, याची त्यालाही धास्ती होती. मला विचाराल तर ते पुरत नाही. कमरपट्टा पुरतो.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. 'लेखकाची दैनंदिनी'मध्ये ज्यूंबद्दल आणि कॅथलिकांबद्दल त्याने जे लिहिलं ते वाचवत नाही. त्याचा ख्रिस्त तिथे फक्त रशियाचा होऊन बसतो. शत्रूवर प्रेम करा, हे अलेयच्या तोंडी घालणारा हाच माणूस.

[दृश्य : पीटर्सबर्गमधलं त्याचं घर. बंद घड्याळ.]

२८ जानेवारी १८८१, पहाट. त्याने आनाला जागं केलं. आज मी जाणार, म्हणाला, ते पुस्तक दे. कौल घ्यावा तसं तो ते मनात येईल तिथे उघडायचा. मत्तय, तिसरा अध्याय निघाला. आनाने वाचलं : योहान येशूला बाप्तिस्मा द्यायला कचरतो, आणि येशू सांगतो, अडवू नकोस.

ऐकलंस ना, तो म्हणाला. अडवू नकोस.

नंतरच्या रशियन आवृत्त्यांत हे शब्द बदलले. आनाने आठवणींत तशी नोंद केली आहे.

त्याने पुस्तक नऊ वर्षांच्या फेद्याला द्यायला सांगितलं. रात्री साडेआठनंतर तो गेला.