एका भाषेच्या चार लिप्या

(दृश्य: अंकारा. रहदारीच्या रस्त्यालगत लांबलचक इमारत. दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक वाक्य.)

निवेदन:

अंकारा विद्यापीठाची ही भाषा आणि इतिहास-भूगोल विद्याशाखा. भिंतीवरचं वाक्य तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक केमाल अतातुर्क यांचं आहे. आयुष्यातला सगळ्यात खरा मार्गदर्शक म्हणजे ज्ञान, असा त्याचा अर्थ. १९३५ साली त्यांच्याच पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. इमारतीचा आराखडा ब्रूनो टाउट या जर्मन वास्तुकाराने केला. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने देश सोडला, काही वर्षं जपानमध्ये काढली, मग तो इथे आला आणि १९३८ मध्ये तुर्कस्तानातच वारला.

तुर्की भाषा आणि साहित्य शिकायला येणारी बहुतेक मुलं घरी तुर्कीच बोलत वाढलेली असतात. तरी विद्यापीठात आल्यावर त्यांना आपल्याच भाषेची अक्षरं पुन्हा गिरवावी लागतात. उजवीकडून डावीकडे.

(दृश्य: जुनं वर्तमानपत्र, अरबी लिपीत. शेजारी रोमन अक्षरांचा फळा.)

१ नोव्हेंबर १९२८. त्या दिवशी संसदेने २९ रोमन अक्षरांच्या नव्या वर्णमालेचा कायदा केला. त्याआधी कित्येक शतकं तुर्की अरबी लिपीत लिहिली जात होती. तुर्कीत स्वर आठ, आणि ते नीट दाखवणं अरबी लिपीला जमत नसे. १९२७ च्या जनगणनेत लिहिता-वाचता येणारे जेमतेम दहा टक्के निघाले होते. नव्या अक्षरांसाठी १९२९ च्या जानेवारीपासून प्रौढांच्या शाळा भरू लागल्या आणि त्याच महिन्यापासून जुन्या लिपीत पुस्तक छापायला बंदी आली. १९३२ मध्ये भाषा संस्था स्थापन झाली. अरबी-फारसी शब्द काढून त्या जागी तुर्की शब्द घालण्याचं काम तिने हाती घेतलं.

वाचणारे वाढले. ही कमाई मोठी होती, आणि तिला कमी लेखू नये. पण किंमतही पडली. ऑक्टोबर १९२७ मध्ये अतातुर्क यांनी सलग सहा दिवस, एकूण ३६ तासांहून अधिक वेळ भाषण केलं. स्वातंत्र्ययुद्धाची ती त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत. १९६० च्या दशकात हे भाषण नव्या तुर्कीत उतरवून छापावं लागलं. राष्ट्रपित्याचे शब्द नातवंडांना कळेनासे झाले होते.

मोडी न येणारा मराठी माणूस पेशवे दप्तरासमोर बसला की त्याचं जे होतं, तेच इथल्या तरुणाचं पणजोबांच्या पत्रासमोर होतं. म्हणून या अभ्यासक्रमातला ऑटोमन तुर्कीचा, म्हणजे ऑटोमन साम्राज्यातल्या अरबी लिपीतल्या जुन्या तुर्कीचा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कायद्याने तुटलेला धागा तिथे रोज थोडा थोडा सांधला जातो.

(दृश्य: इस्तंबूल, काअतहाने. अभिलेखागाराचं वाचनालय.)

पुढे इतिहासाकडे वळणाऱ्याला ऑटोमन अभिलेखागारात यावं लागतं. लाखो कागद. खजिन्याचे हिशेब ‘सियाकत’ नावाच्या, अरबी लिपीच्याच एका शैलीत. तिच्यात बहुतेक ठिकाणी नुक्ते नाहीत, आकडे सांकेतिक. ती लावायला वर्षं जातात.

भाषेच्या मागावर निघालेला त्याहून दूर जातो. जुनी उइगुर लिपी, आणि तिच्याही आधी मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यातले, वेगळ्याच जुन्या तुर्की लिपीतले, आठव्या शतकातले शिलालेख. ते १८९३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी उलगडले. महमूद काशगरीने १०७० च्या दशकात बगदादमध्ये तुर्की बोलींचा कोश रचला. त्याचं एकच हस्तलिखित आज जगात आहे, तेही इस्तंबूलमध्ये. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अली एमिरी या ग्रंथसंग्राहकाच्या हाती ते लागलं नसतं, तर या विषयाचा पायाच अधुरा राहिला असता.

(दृश्य: पुन्हा अंकारा. रिकामा वर्ग.)

या विद्याशाखेच्या इतिहासात एक दुखरं पान आहे, ते वगळून पुढे जाता येणार नाही. पेर्तेव नाइली बोरातव इथे लोकसाहित्य शिकवत. कोरोग्लू या लोकनायकाच्या कथा, नसरुद्दीन होजाच्या गोष्टी, गावोगावच्या लोककथा त्यांनी विद्यापीठाच्या अभ्यासात आणल्या. १९४८ मध्ये डाव्या विचारांचा ठपका ठेवून त्यांचं अध्यासनच रद्द करण्यात आलं. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, पण तोवर उशीर झाला होता. उरलेलं काम त्यांनी पॅरिसमध्ये केलं. ज्ञानाला मार्गदर्शक म्हणणाऱ्या भिंतीच्या आतच हे घडलं.

भारतविद्येचा विभागही इथे सुरुवातीपासून आहे. जर्मनीतून आलेले वाल्टर रूबेन इथे तुर्की विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवत.

(दृश्य: भाषावर्ग. फळ्यावर एकाखाली एक शब्द.)

परदेशी विद्यार्थ्याची सुरुवात सहसा वर्षभराच्या भाषावर्गाने होते. मराठी कानाला वाक्याची ठेवण परकी वाटत नाही, क्रियापद शेवटीच येतं. ‘एव’ म्हणजे घर, ‘एवलेर’ घरं, ‘एवलेरिमिझ’ आमची घरं, ‘एवलेरिमिझदे’ आमच्या घरांमध्ये. एका शब्दाला प्रत्यय जोडत जायचं आणि स्वरांचा मेळ सांभाळायचा, म्हणजे प्रत्ययातला स्वर मूळ शब्दातल्या स्वराशी जुळवायचा. पहिले काही महिने जीभ अडखळते ती या स्वरांवर.

(दृश्य: विजापूर. बुरुजावरची मुलूख-ए-मैदान तोफ.)

दख्खनलाही या भाषेची गरज आहे. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा कारागीर स्वतःला ‘रूमी’ म्हणवत होता, म्हणजे ऑटोमन मुलखातला. पाच वर्षांनी, १५५४ मध्ये, सैदी अली रईस हा ऑटोमन आरमारप्रमुख वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागला. जहाजं सोडून तो जमिनीवरून परत निघाला, दिल्लीत असताना त्याने हुमायूनचा मृत्यू पाहिला, आणि घरी पोचल्यावर प्रवासाचं सगळं वर्णन तुर्कीत लिहून ठेवलं. पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासासाठी आपण पोर्तुगीज आणि फारसी कागद धुंडाळतो. त्या फडताळाशेजारी तुर्की कागदांचंही फडताळ आहे, आणि ते उघडणारी मुलं महाराष्ट्रातून जायला हवीत.