दुसरी प्रत

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली विषय छापलाय, ‘मुंबईत गाडी: विकत घ्यावी की भाड्याने?’ तिकडे मी येणार आहे. पण आधी एक प्रश्न विचारतो. आयुष्यात एकदा तरी ज्यांनी स्वतःची गाडी विकली आहे, त्यांनी जरा हात वर करा. अरे वा, निम्मं सभागृह झालं की! आता हात खाली घेऊ नका. गाडी विकल्यानंतरची २९ नंबर फॉर्मची दुसरी प्रत, आरटीओच्या शिक्क्यासकट, ज्यांच्या कपाटात आहे त्यांनीच हात वर ठेवा.

एक. फक्त शेवटच्या रांगेतले ते काका. काका, तुमचा नारळ देऊन सत्कार करायला हवा, आणि हे मी अगदी मनापासून बोलतोय.

मी ३१ वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेयर म्हणून काम केलं. ठोकलेल्या, जळलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते लिहायचं. इतक्या वर्षांत पत्र्यापेक्षा कागदाने नाडलेली माणसंच मी जास्त पाहिली. त्यातलं एक माणूस माझ्या घरातलं आहे, म्हणून ती गोष्ट आज सविस्तर सांगणार आहे.

माझी थोरली बहीण भांडुपला राहते. भाऊजी गेल्यावर घरातली वॅगन आर नुसतीच उभी होती. गाडी ताईच्याच नावावर होती, पण ताईला चालवता येत नाही. २०१६ च्या जूनमध्ये तिने ती विकायला काढली. पावसाळ्यापूर्वी गेलेली बरी, असं तिचं म्हणणं. ओळखीतून एक दलाल आला. गाडी बघितली, बॉनेट उघडलं, दारांच्या कडांवरून बोट फिरवलं, भाव सांगितला. भाव वाजवी होता. पैसे रोख मोजून दिले. मग त्याने पिशवीतून फॉर्म काढले आणि जिथे जिथे पेन्सिलने फुली मारली होती तिथे तिथे ताईची सही घेतली. खरेदीदाराचं नाव कोरं, तारीख कोरी. ताईने विचारलं तर म्हणाला, “गिऱ्हाईक ठरलं की भरतो. तुम्ही काळजी करू नका, आई.” चावीला सिद्धिविनायकाचा लाल दोरा बांधलेला होता. तो तेवढा ताईने सोडवून घेतला आणि चावी दिली. मी त्या दिवशी तिथे होतो. माझा व्यवसाय हाच, आणि मी शेजारी बसून चहा पीत होतो. ती सल अजून जात नाही.

पुढच्या वर्षी ताईच्या मोबाइलवर ई-चलान आलं. घाटकोपरला सिग्नल तोडला, २०० रुपये. गाडी विकून वर्ष झालेलं! दलालाला फोन केला. “बघतो, करतो,” म्हणाला. ताईने २०० रुपये स्वतःच भरून टाकले. कटकट मिटली, असं तिला वाटलं. मंडळी, ती कटकट नव्हती, ती सूचना होती. ज्या चलानावर आपलं नाव येतं, ती गाडी सरकारदरबारी आपलीच असते.

२०१९ मध्ये ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. शहापूरजवळ नाशिक हायवेवर ताईच्या वॅगन आरने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं. पोरगा वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. गाडी तोवर तिसऱ्या हातात गेली होती. दलालाने भिवंडीत एकाला दिली, त्याने पुढे दुसऱ्याला. फॉर्मवरची ती कोरी जागा अजून कोरीच होती. विमा मार्च २०१८ मध्ये संपला होता आणि कोणीच भरला नव्हता. कशाला भरतील? गाडी त्यांच्या नावावर होतीच कुठे?

ताई म्हणाली, “अरे, पण मी तर गाडी विकलीय!” वकिलांनी तिला शांतपणे कायदा समजावला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २, पोटकलम ३०. मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो. पैसे कोणी मोजले, चावी कोणाच्या खिशात आहे, हे तिथे विचारत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्यातही गाडी हातोहात फिरत गेली होती आणि नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. न्यायालय म्हणालं, भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाची. गाडी कोणाकोणाकडे गेली याचा माग अपघातात सापडलेल्याने काढत बसायचा, हे कायद्याला मान्य नाही. आणि मंडळी, त्या पोराच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच आहे. त्याने कोणाच्या दारात जायचं?

लोकअदालतीत तडजोड झाली. ताईने भाऊजींच्या नावाची मुदतठेव मोडली. भरपाईचा चेक लिहिताना ती म्हणाली, “त्या मुलाला मिळतायत, ठीक आहे. पण मला निदान कळायला तरी हवं होतं.”

मी आज इथे उभा आहे तो या “कळायला हवं होतं”साठी.

आता ती दुसरी प्रत म्हणजे काय, ते ऐका. कलम ५० सांगतं की गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या आरटीओला, कळवायचं. परराज्यात गेली तर ना हरकत प्रमाणपत्रासह ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा ३०. फॉर्म २९ नीट वाचा, एकाच पानाचा आहे. मी अमुक तारखेला अमुक नंबरची, अमुक चेसिस नंबरची, अमुक इंजिन नंबरची गाडी अमक्याला विकून ताब्यात दिली. आणि वरच लिहिलंय, दोन प्रतींत भरावा, दुसरी प्रत शेरा मारून विकणाऱ्याला परत द्यावी. कायद्याने तुमच्यासाठी एक पावती ठेवली आहे, आणि आपल्या मुंबईत ती कोणी मागत नाही! ताडदेवला नाही, अंधेरीला नाही, वडाळ्याला नाही, बोरिवलीला नाही. फॉर्म दलालाच्या हातात, दलाल एजंटच्या हातात, आणि आपण घरी. आता अर्ज परिवहन पोर्टलवर भरतात. मग पोचपावतीची प्रिंट काढा, पण काढा! एम-परिवहन अ‍ॅपवर आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाच्या नावातली काही अक्षरं फुल्यांनी झाकलेली दिसतील, पण आपलं नाव फुल्यांतूनही ओळखता येतं. आज रात्री घरी जाऊन बघाच.

दलाल कागद ‘ओपन’, म्हणजे नाव-तारीख न भरता, का ठेवतो? प्रत्येक ट्रान्सफरला खर्च आणि वेळ लागतो, आणि प्रत्येक नोंदीने ‘फर्स्ट ओनर’ची ‘सेकंड ओनर’ होते, भाव उतरतो. म्हणून त्याला मधल्या काळात कागदावर यायचंच नसतं. यावर केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केला, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना पोर्टलवर गेली की पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावर होईपर्यंत तोच मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक. चलान आलं तर त्याचं, अपघात झाला तर त्याचा. तेव्हा गाडी देताना एकच वाक्य बोला: “तुमचं अधिकारपत्र दाखवा.” नसेल तर गाडी देऊ नका. भाव पाच हजारांनी कमी आला तरी चालेल.

आणि हो, नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम घेतला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. फास्टॅगही लगेच बंद करा, नाहीतर खालापूरचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

नोंदीला मी एवढं महत्त्व देतो याचं आणखी एक कारण सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी आपण सगळ्यांनी टॅक्सी म्हणून वापरली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला मुंबईत २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर नाही. आपण हे तारीखवार सांगू शकतो, कारण कोणीतरी रजिस्टरमध्ये नीट लिहून ठेवलं. माझ्या वडिलांच्या पिढीने फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले. तेव्हा गाडीआधी नाव लागायचं. आता गाडी तासाभरात मिळते आणि नावाची कोणाला पर्वा नाही.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर महिनोन्‌महिने मी बुडालेल्या गाड्याच बघितल्या. त्यांतल्या कितीतरी धुवून, सीटला नवी कव्हरं घालून, अत्तर मारून बाजारात आल्या. अशी गाडी ओळखायची कशी? सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत, बाहेर ओढा. रोज वापरताना जो भाग कधी बाहेर येतच नाही, तिथे मातीची रेघ दिसली की समजा. सगळं धुतात, पण तो भाग धुवायचं कोणाला सुचत नाही. मग सीट पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांवरचा गंज बघा. मीटरचा आकडा फिरवता येतो. म्हणून स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि ब्रेक पेडलच्या रबराची झीज त्या आकड्याशी जुळते का ते बघा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं रबर टक्कल पडल्यासारखं दिसत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत. विकत की भाड्याने, ते भरभर सांगतो.

विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के उतरते, वर्षाअखेर १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या ३०, चौथ्या ४०, पाचव्या ५० टक्के. म्हणजे आठ लाखांची गाडी पाच वर्षांनी चार लाखांची. वर्षाला ८० हजार नुसते उभ्या उभ्या गेले. त्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर, शिवाय विमा, सर्व्हिसिंग, सोसायटीचं पार्किंग. महिन्यात दोनच रविवार गाडी बाहेर निघत असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडते, हे कागदावर मांडून बघा. रोज कामाला लागत असेल, घरात वयस्कर माणूस असेल, रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठायचं असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवा आणि स्वतःची घ्या.

महागड्या गाड्यांना टक्के तेच, रुपये दसपट. ८० लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत ४० लाख जातात. म्हणूनच मोठ्या जर्मन गाड्या आठ-दहा वर्षांनी मध्यम गाडीच्या भावात मिळतात आणि आपली तरुण मंडळी भुलतात. घेताना भाव जुन्या गाडीचा असतो, पण हेडलाइटचा भाव नव्या गाडीचाच असतो. तो आधी विचारा, मग टोकन द्या. महाराष्ट्रात रस्ता कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख झाली. ती चुकवायला परराज्यात नोंदलेली गाडी कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर इथला कर आपल्या गळ्यात पडतो.

भाड्याची गाडी घेताना नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेप्रमाणे परवाना घ्यायला किमान ५० गाड्या लागतात. म्हणजे शेजारच्या सोसायटीतला कोणी पांढऱ्या पाटीची गाडी दिवसाला दोन हजारांनी देतो, ते या योजनेत बसत नाही. लग्नाला फुलं लावून येणाऱ्या मोठ्या गाड्यांचंही तेच. काही झालं तर विमा कंपनी आधी पाटी बघते. खाजगी गाडी भाड्याने दिलेली, म्हणून क्लेम नाकारायच्या शिफारशी मी स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. समोर रडणारी माणसं बसलेली असायची. ते लिहिणं सोपं नव्हतं.

गाडी ताब्यात घेताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. चारही बाजू, रिमच्या कडा, मीटर, पेट्रोलचा काटा. परत देताना पुन्हा तसाच काढा. अनामत परत मिळण्याची तारीख लेखी घ्या.

वेळ संपली. फॉर्म २९ च्या कोऱ्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, प्रत्येकाने दोन-दोन घ्या. ताई आज आली आहे, पहिल्या रांगेत डावीकडे बसली आहे. या प्रती तिनेच झेरॉक्स करून आणल्यात. आणि काका, निघायची घाई करू नका. तुमच्याकडची प्रत कोणत्या आरटीओची आहे आणि ती तुम्ही मागून घेतलीत की त्यांनी आपणहून दिली, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.